लोखंडाचं इंजिन वाकतं कसं? माथेरानच्या गाडीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लेखी रूप.

जुन्या इंजिनांचे आपण चाहते बहुतेक वेळा धूर, शिट्टी आणि चकाकणाऱ्या पितळेवर बोलतो. मलाही ते सगळं आवडतंच. पण मी पोटासाठी कोड लिहितो. त्यामुळे कुठलंही मशीन दिसलं की पहिला प्रश्न पडतो, हे कुठली अडचण सोडवायला बनवलं असेल?

आजचं मशीन आहे माथेरानचं वाफेचं इंजिन. आधी अडचण बघू.

नेरळ-माथेरान मार्ग 1907 साली सुरू झाला. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा, आणि मार्ग उभा केला त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. अंतर सुमारे 21 किलोमीटर. नेरळ डोंगराच्या पायथ्याशी, तर माथेरान स्टेशन समुद्रसपाटीपासून जवळपास 800 मीटरवर. सगळ्यात तीव्र चढ 20 ला 1, म्हणजे 20 मीटर पुढे गेलात की 1 मीटर वर. अशा चढावर 10 टनांचा डबा जवळपास अर्ध्या टनाच्या जोराने मागे ओढतो. निलगिरीच्या गाडीला रुळांमध्ये दातेरी पट्टी आहे, तिच्यात इंजिनाचं चाक अडकतं. माथेरानला तसं काही नाही. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक, भरवसा फक्त पकडीवर.

आता पकड वाढवायची कशी? इंजिनाचं सगळं वजन फिरणाऱ्या चाकांवर टाकायचं आणि सगळी चाकं एकत्र फिरवायची. म्हणून या इंजिनाला सहाच चाकं होती आणि सहाही ताकदीची. बाहेरून दिसणारा लोखंडी दांडा, म्हणजे कपलिंग रॉड, ती एकमेकांना जोडायचा.

पण इथेच गोची आहे. हा दांडा नीट चालायला तिन्ही ॲक्सल एकमेकांना समांतर हवेत. वळणावर मात्र प्रत्येक ॲक्सलचं तोंड वर्तुळाच्या केंद्राकडे असायला हवं, नाहीतर चाकाची कड रुळाला घासते किंवा चाक रुळावर चढतं. आणि माथेरानची वळणं कशी? सगळ्यात अवघड वळणाची त्रिज्या 60 फूट, म्हणजे साधारण 18 मीटर. ते वर्तुळ पूर्ण केलं, तर त्याची रुंदी क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांच्या लांबीपेक्षाही कमी भरेल! रुळांमधलं अंतर फक्त 610 मिलिमीटर ठेवलं ते यासाठीच. पण तेवढ्याने भागत नव्हतं.

म्हणजे मागण्या दोन, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध. ॲक्सल समांतर हवेत आणि ॲक्सल वळायलाही हवेत.

याचं उत्तर जर्मनीतल्या सॅक्सनीच्या रेल्वेतल्या क्लिन आणि लिंडनर या दोघांनी काढलं होतं. त्यांनी एका ॲक्सलचे दोन केले. आतला ॲक्सल भरीव. तो फ्रेमला धरून असतो, दांड्याला जोडलेला असतो आणि कायम समांतर राहतो. त्याच्यावर एक पोकळ नळी, आणि चाकं त्या नळीवर. नळी आतल्या ॲक्सलला फक्त मधोमध, एका गोल सांध्याने जोडलेली. त्यातून फिरण्याची ताकद चाकांपर्यंत पोचते, पण नळी थोडी तिरकी व्हायला मोकळी राहते. आपला खांद्याचा सांधा आठवा. माथेरानच्या इंजिनांना पुढचा आणि मागचा ॲक्सल असा होता. ही इंजिनं बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने बनवली होती.

आमच्या धंद्यात याला डिकपलिंग म्हणतात. ताकद देण्याचं काम एकाकडे, दिशा घेण्याचं दुसऱ्याकडे. बीटेकला चार वर्षं घालवून मी जे शिकलो, ते या मंडळींनी लोखंडात करून ठेवलं होतं.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. सांधा म्हटला की झीज आली, आणि वेग वाढला की अशी चाकं डुलायला लागतात. सपाटीवरच्या मेलगाडीला हे परवडलं नसतं. घाटात हळूहळू चढणाऱ्या गाडीला चालून गेलं.

वाफ 1980च्या दशकात थांबली. डिझेल त्याआधीच आलं होतं. जुन्यांपैकी 740 नंबरचं इंजिन तर इंग्लंडला पोचलंय. पण घाट तोच आहे, वळणंही तीच. 2005 च्या पावसात मार्ग वाहून गेला. 2016 मध्ये डबे घसरल्यावर गाडी बंद ठेवावी लागली. 2019 च्या पावसाने रूळ पुन्हा उखडले आणि नेरळपासूनची गाडी परत यायला ऑक्टोबर 2022 उजाडला. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी आहे. त्यामुळे ही गाडी बंद पडली की पर्यटकाची एक सेल्फी हुकते, पण वर राहणाऱ्याचं सामान आणि रोजचं येणंजाणं महाग होतं.

म्हणून चाहत्यांना एक विनंती. अशा इंजिनासमोर फोटो जरूर काढा. मग खाली वाका आणि दांड्याच्या मागे, फ्रेमच्या आत लपलेली चाकं बघा. शेजारच्या लहान मुलालाही दाखवा. इंजिन चौथऱ्यावर ठेवून लोखंड टिकतं, पण ते तसं का बनवलं हे कुणीतरी सांगत राहिलं तरच टिकतं. या घाटाची देखभाल पुढेही कुणाला तरी करायचीच आहे.

तुमच्या गावाजवळ असं एखादं जुनं इंजिन उभं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्याच्या पोटात शिरू!