शेवटच्या स्वाराची नोंद

रविवारी पहाटे भिवंडी शहरातील यंत्रमागांचा खडखडाट पाठीमागे पडून अंबाडीच्या रस्त्यावर थोडासा गारवा जाणवू लागतो, त्या सुमारास ठाण्या-कल्याणाकडून आलेले सायकलस्वारांचे लहानमोठे थवे वज्रेश्वरीच्या दिशेने जाताना दिसतात. उजव्या हातास दूरवर माहुलीचे सुळके उभे, डाव्या हातास कामणदुर्ग आणि तुंगारेश्वराची रांग, मध्ये भातखाचरांचे बांध, तानसा नदीचे वळसे आणि गावागावांस जोडणाऱ्या मुरमाड वाटा, असा हा मुलूख पाहिला म्हणजे डोंगरी सायकलीच्या, म्हणजेच माउंटन बाइकच्या, दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीस याहून अनुकूल भूमी मुंबईच्या इतक्या निकट क्वचितच सापडेल, असे मनात आल्यावाचून राहत नाही. तशी शर्यत येथे भरावी, अशी प्रस्तुत लेखकाची मनापासून इच्छा आहे. आणि ती इच्छा आहे म्हणूनच, शर्यतीच्या शोभेच्या अंगाविषयी काही न लिहिता, तिच्या बंदोबस्ताविषयी लिहावे असे वाटले.

या क्रीडाप्रकाराचा जन्मच मुळी एका उतारावर झाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरातील एका धोकादायक कच्च्या वाटेवर १९७६ च्या ऑक्टोबरात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली खाली सोडून कोण आधी पोहोचतो हे पाहिले. उतार इतका तीव्र, की मागच्या चाकातील ब्रेकचे ग्रीस तापून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीचे ‘रीपॅक’ हे नाव पडले. त्या मंडळींपैकी चार्ली केली हा गृहस्थ एक वही बाळगीत असे, आणि उतरलेल्या प्रत्येक स्वाराचे नाव व वेळ तीत टिपून ठेवीत असे. पुढे हा खेळ १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये पोहोचला. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून ‘केप एपिक’ ही आठ दिवसांची शर्यत सुरू झाली. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात २००५ पासून ‘एमटीबी हिमालया’ भरू लागली. सायकली बदलल्या, बक्षिसे वाढली. परंतु या साऱ्या विस्तारात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे विचाराल, तर ती केलीची वही होय.

महाराष्ट्रास लांब पल्ल्याची सायकल परकी नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणण्याचा प्रघात कित्येक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पुरी केली, आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच सुमारे ४८०० किलोमीटरची वाट एकट्याने पार केली. मात्र या साऱ्या सडकेच्या शर्यती. सडकेवर पडलेला मनुष्य बहुधा कोणाच्या तरी दृष्टीस पडतो; डोंगरात पडलेला पडत नाही. या एका भेदाने सगळी व्यवस्था बदलते.

सडकेवरही काय घडू शकते ते पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू असताना म्युरिएल फुरर ही अठरा वर्षांची स्विस मुलगी पावसात, झाडीतून उतरणाऱ्या एका वळणावर रस्त्याबाहेर फेकली गेली. ती शर्यत सडकेची, देश अत्यंत शिस्तबद्ध, डॉक्टर, मोटारी, पोलीस, सर्व काही जागच्या जागी. आणि तरीही ती मुलगी एक तासाहून अधिक काळ झाडीत पडून राहिली, कारण ती कमी आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. ती लवकर सापडती तर वाचती काय, हे सांगण्याचा अधिकार वैद्यांचा. परंतु ती लवकर सापडावयास हवी होती, एवढे म्हणण्यास वैद्य असण्याची गरज नाही. पुढच्या वर्षी रवांडातील किगाली येथे झालेल्या अजिंक्यपद स्पर्धेत प्रत्येक स्वाराबरोबर त्याचे स्थान दाखविणारे यंत्र दिले गेले.

दुसरे उदाहरण धावण्याचे आहे, पण बोध तोच. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात पीत नदीकाठच्या पाषाणवनात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत भरली. १७२ स्पर्धक निघाले. दुसऱ्या व तिसऱ्या चौकीच्या, म्हणजे चेकपॉइंटच्या, दरम्यान जो खडा चढ होता तेथे वाहन जात नसे, म्हणून तेथे निवारा नव्हता, गरम पाणी नव्हते. वाऱ्यापासून रक्षण करणारे जाकीट प्रत्येकाने अंगावर बाळगलेच पाहिजे असाही दंडक नव्हता. नेमक्या त्याच टप्प्यात गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांनी स्पर्धकांना गाठले, आणि २१ जणांचा गारठ्याने अंत झाला. त्या दिवशी सहा जणांचे प्राण वाचले ते झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळामुळे. तो मेंढ्या चारता चारता एका गुहेत आसऱ्याला थांबला होता. त्याने त्या अर्धमेल्या माणसांना आत आणले, विस्तव पेटविला, पांघरुणे घातली. ती गुहा आयोजकांनी नेमलेला निवारा नव्हती. मेंढपाळास ती ठाऊक होती.

म्हणून माझे म्हणणे असे, की डोंगरी शर्यतीच्या व्यवस्थेचा आत्मा रुग्णवाहिकेत नाही, हेल्मेटात नाही; तो मोजदादीत आहे. भिवंडीकरांस हे समजावून सांगण्याची आवश्यकताच नाही. पूर्णा, काल्हेर, वळ, दापोडा येथील गोदामांतून रोज किती माल येतो व जातो त्याला गणती नाही, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः त्याची गणती अत्यंत काटेकोर असते. आवक किती, जावक किती, शिल्लक किती, हा मेळ सायंकाळी बसला नाही तर एका खोक्यासाठी गोदामाचे दार बंद होत नाही. सकाळी डोंगरात रवाना केलेल्या माणसाची नोंद एका खोक्याइतकी तरी चोख असावी, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

या नोंदीची रीत साधी आहे, पण तिच्यात कसूर चालत नाही. सुटण्यापूर्वी प्रत्येक स्वाराची सही, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा, व ठळक क्रमांकाची पाटी सायकलीस बांधावी. प्रत्येक चौकीवर क्रमांक व वेळ हाताने लिहून घेणारा कारकून असावा, आणि त्याच्याकडे दुसरे काहीही काम नसावे. केळी वाटणारा आणि नोंद घेणारा मनुष्य एकच असला, की गर्दीच्या वेळी केळी वाटली जातात आणि नोंद राहून जाते. पहिल्या चौकीवरून गेले किती, दुसरीवर आले किती, मध्ये सोडून दिलेले किती, याचा ताळा दर अर्ध्या तासाने मुख्य दप्तरात जमला पाहिजे. डोंगराच्या घड्यांत मोबाइलची रेंज नाहीशी होते, म्हणून स्थान दाखविणाऱ्या यंत्राचा उपयोग अवश्य करावा, पण वही सोडून त्यावर विसंबू नये. सगळ्यांच्या मागून येणारा अनुभवी स्वार, ज्यास ही मंडळी ‘स्वीप’ म्हणतात, तो चौकी ओलांडेपर्यंत चौकी उठवू नये. आणि जो स्वार थकून मध्येच घरी निघून जातो, त्याने आपली पाटी चौकीवर जमा केलीच पाहिजे. कारण न सांगता घरी जाऊन निजलेल्या माणसासाठी शोधपथकाने रात्रभर दरी धुंडाळणे, यासारखा अन्याय नाही.

केप एपिकमध्ये आणखी एक नियम आहे, जो मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. तेथे स्वारांच्या जोड्या असतात, आणि जोडीदारांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडले तर दंड होतो. वेगवान असलेल्याला आपल्या सोबत्यासाठी थांबणे भाग पडते, आणि कोणीही एकटा पडून राहत नाही.

मोठा समुदाय आणि त्यातील एकेकाची दखल, या दोहोंचा मेळ घालण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्यांचा क्रम आणि शिस्त हैबतरावबाबा आरफळकरांनी घालून दिली. मुक्कामी तळावर समाज-आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, तो अफाट समुदाय निःशब्द होतो, आणि ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकतो, हरवल्या-सापडल्याची वर्दी देतो, आणि मगच आरती होते. ज्याची तक्रार आहे त्याचा आवाज सगळ्यांच्या शांततेत ऐकू यावा, ही योजना ज्याला सुचली त्याला माणसांची व्यवस्था म्हणजे काय हे पुरते कळले होते.

आता आपल्या भागाचे हवामान. गान्सूत गारठ्याने घात केला. येथे उष्मा करील. खाडीकाठच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळणारा घाम शरीर थंड करीत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथील शासकीय समारंभात उन्हात बसलेल्या १४ जणांचे प्राण गेले, आणि ती माणसे सायकल चालवीत नव्हती. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, मनुष्य असंबद्ध बोलू लागतो, अडखळतो, कधी भांडतो. अशा वेळी वैद्यकाचा निर्वाळा स्पष्ट आहे: आधी थंड करा, मग हलवा. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. एक ताडपत्री, चार माणसांनी चार कोपरे धरलेली, तीत पाणी, बर्फाच्या लाद्यांचे तुकडे आणि मध्ये रोगी, एवढ्यावर अनेक प्राण वाचले आहेत. ज्या शहरात ताडपत्री आणि बर्फ हाकेच्या अंतरावर मिळतो, तेथे प्रत्येक चढाच्या माथ्यावर हा सरंजाम नसणे अक्षम्य ठरेल.

पाण्याविषयीही एक समजूत दुरुस्त करावयास हवी. जितके अधिक पाणी तितके बरे, हे खरे नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा खाली उतरलेले आढळले, आणि वाटेत भरमसाट पाणी पिणे हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. तहान लागेल तसे प्यावे. लिंबू, मीठ, साखर घातलेले सरबत किंवा ताक चौकीवर ठेवावे, म्हणजे आजीच्या शहाणपणास शास्त्राचा दुजोराही मिळेल.

शर्यत डिसेंबर-जानेवारीतच घ्यावी. परंतु त्या ऋतूत पहाटेचे धुके असते हेही विसरू नये. याच भिवंडी तालुक्यातील दुगाडच्या परिसरात १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांशी लढताना दाट धुक्याच्या आडोशाने चाल करून गेलेल्या मराठा सरदार रामचंद्र गणेशांचा, धुके एकाएकी विरल्यामुळे, घात झाला. धुके त्या डोंगरांत कोणाच्याही सोयीने येत नाही व जात नाही. दहा पावलांवरचे दिसेनासे झाल्यास सुटण्याची वेळ पुढे ढकलण्याचा अधिकार एका व्यक्तीस लेखी दिलेला असावा, आणि पाहुणे खोळंबले आहेत ही सबब तिच्यापुढे चालू नये. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणून शेवटच्या चढाची वाट चारलाच बंद करावी. चढाच्या पायथ्याशी अडविलेल्या स्वारास तो निर्णय निष्ठुर वाटतो, पण अंधारात उतार उतरू देणे त्याहून निष्ठुर आहे.

रुग्णवाहिका शर्यतीने स्वतःची आणावी. २०१४ पासून चालू असलेली १०८ ची सेवा गावोगावच्या बाळंतिणींची व अपघातग्रस्तांची आहे. ती खेळासाठी अडवून ठेवण्याचा हक्क कोणास नाही. एक रुग्णवाहिका जखमीस घेऊन निघाली, की दुसरी तिच्या जागी येईपर्यंत शर्यत थांबवावी. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाचे अंतर किलोमीटरांत नव्हे, मिनिटांत मोजावे. मानकोली-राजणोलीच्या कंटेनरांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत त्यास याचे कारण सांगावे लागणार नाही. सर्पदंशावरील प्रतिविष कोणत्या आरोग्यकेंद्रात त्या दिवशी प्रत्यक्ष शिल्लक आहे, याची आदल्या दिवशी जातीने खात्री करावी. वनखात्याची परवानगी, पोलिसांस सूचना, ग्रामपंचायतीचा होकार, विमा, ही कलमे उघडच आहेत. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यानंतर नियम माहीत नव्हते असे म्हणण्यास जागा उरलेली नाही. डोंगरातील बचावाचे काम करणारी अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी संलग्न पथके आहेत, लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्था आहेत, त्यांना दुर्घटना झाल्यावर हाक मारण्याऐवजी आखणीच्या पहिल्या बैठकीस बोलवावे.

त्या बैठकीत आणखी कोणी बसावे, तर या डोंगरांतले गुराखी, कातकरी आणि वारली. कोणत्या ओढ्यात पाऊस नसताही निसरडे असते, कोणत्या बांधावर काटेरी तार नव्याने ओढली आहे, कोठे निवारा आहे, हे त्यांना ठाऊक असते. वळणावर उभे राहण्याचे काम त्यांना द्यावे, शिट्टी व झेंडा द्यावा, आणि योग्य मानधन द्यावे.

आणि वाचकांस एक विनंती. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी अशा शर्यतीस निघाली, तर अडवू नका. मात्र प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी आयोजकांस स्वतः भेटून एवढेच विचारा, की आमचे मूल एखाद्या चौकीवर पोहोचले नाही, तर ते तुम्हाला किती मिनिटांत कळेल. उत्तर मिनिटांत मिळाले नाही, तर पैसे भरू नका.