जालक, सूक्ष्म विवर्तन
ज्या विवर्तन जालकातील लगतच्या रेषांमधील अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीइतके किंवा त्याहून कमी असते, त्यास सूक्ष्म जालक म्हणतात. विवर्तित प्रकाश कोणत्या दिशांना जाईल हे जालक समीकरणावरून कळते. कोणत्या दिशेस किती ऊर्जा जाईल, हे त्यावरून कळत नाही. प्रतिमानाचा खरा प्रश्न हाच होय.

सीडीच्या लगतच्या वेढ्यांतील अंतर १·६ मायक्रोमीटर असल्याने तीवर ठळक रंग दिसतात. डीव्हीडीत ते ०·७४ मायक्रोमीटर असते. तीवर लंब पडलेला ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पहिल्या क्रमात सु. ६१° वळतो. ब्ल्यू-रे तबकडीत (०·३२ मायक्रोमीटर) लंब आपाती दृश्य प्रकाशाचा एकही विवर्तित क्रम हवेत बाहेर पडत नाही.

रुंद रेषांच्या जालकांस प्रकाश अदिश तरंग मानून केलेली गणना पुरते. सूक्ष्म धातवीय जालकांत ती फसते. १९०२ मध्ये आर. डब्ल्यू. वुड यांना एका धातवीय जालकाच्या वर्णपटात अकस्मात उजळ व काळे पट्टे आढळले, तेही एकाच ध्रुवणात. अशा वेळी मॅक्सवेल समीकरणे सोडविण्यावाचून गत्यंतर नसते.

या गणिताचे एक मूळ भारतात आहे. ध्वनितरंगांमुळे द्रवात बनणाऱ्या जालकासाठी चं. वें. रामन व नागेंद्रनाथ यांनी १९३५-३६ मध्ये विवर्तित क्रमांमधील देवघेव दर्शविणारी समीकरणे मांडली. एम. जी. मोहरम व टी. के. गेलॉर्ड यांची युग्मित तरंग पद्धती (१९८१) त्याच विचारधारेतील आहे. तीत जालकाचे पातळ थर कल्पून प्रत्येकातील अपार्यता व क्षेत्रे फूर्ये श्रेणीत मांडतात आणि थरांच्या सीमांवर जुळवितात. धातूच्या जालकात विद्युत् क्षेत्र रेषांना लंब असता पुष्कळ पदे घेऊनही उत्तर स्थिरावत नसे. दोन खंडित राशींचा गुणाकार अखंड असेल, तर तेथे व्यस्त आव्यूह वापरावयास हवा, हे त्याचे कारण लिफेंग ली यांनी १९९६ मध्ये दाखविले. शोषणरहित जालकात ऊर्जेची बेरीज १ आली म्हणून उत्तर बरोबर मानणे धोक्याचे आहे. पदे अपुरी असली, तरी ती १ येते.

सिलिकॉन निकटच्या अवरक्त प्रकाशाचे क्षीण शोषण करते. पातळ सौर घटाच्या मागे जालक ठेवल्यास प्रकाश तिरपा वळून त्याचा घटातील मार्ग लांबतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. अशा प्रदेशासाठी या उपायाची गणना एकाच आपाती कोनाची करून भागत नाही. जळगाव व धुळे सु. २१° उत्तर अक्षांशावर असल्याने मध्यान्हीचा सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो, तर डिसेंबरअखेरीस तो सु. ४५° उंचीवरच असतो. म्हणून प्रत्येक कोन, तरंगलांबी व दोन्ही ध्रुवणे यांसाठी स्वतंत्र गणना करून सरासरी काढावी लागते.