एका गळ्यात अख्खा फड

गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, मॅनेजरपुढे तारखांची वही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर आणि त्याहून लांबच्या गावांच्या यात्रा कमिट्या येतात. चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते. चैत्र-वैशाखातल्या यात्रांचा सगळा हंगाम त्या वहीवर उभा असतो. म्हणून नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. ज्या बाईमुळे या पंढरीचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं, तिचा जन्म मात्र खऱ्या पंढरपुरातला, जुलै १९३५चा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

घराण्याचं मूळ गाव शिरूर तालुक्यातलं कवठे यमाई. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या जोडीने तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. त्या नावात जात उघड आहे आणि ती तशीच वाचायला हवी. मांग, महार, कोल्हाटी अशा ज्या समाजांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या गावाची यात्रा जागवली. विठाबाईंच्या कर्तृत्वाकडे पाहताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

त्या शाळेत रमल्या नाहीत. गाण्याचं किंवा नाचाचं रीतसर शिक्षणही त्यांना मिळालं नाही. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘कुठलंही शिक्षण नसताना’ हे शब्द बहुतेक जण वापरतात. मला ते पटत नाहीत. ज्या घरात लावणी, गवळण, भेदिक रोज कानावर पडतं, जिथे मूल ढोलकीच्या आवाजात झोपतं आणि ढोलकीच्याच आवाजात जागं होतं, तिथलं शिक्षण कुठल्याही गुरुकुलापेक्षा कमी कडक नसतं. फक्त त्याचं प्रमाणपत्र नसतं.

हे शिक्षण किती अवघड, हे तमाशाची रात्र आठवली की कळतं. आधी गण. गणपतीला आवाहन करायचं म्हणून सूर भारदस्त आणि स्थिर लागतो. मग गवळण. मथुरेच्या वाटेवर गवळणी, मावशी, पेंद्या आणि कृष्ण यांची झटापट. इथे गाणं कुठे संपलं आणि बोलणं कुठे सुरू झालं हे समजू नये, अशी बोली हवी. लावणीत गळा नाचाबरोबर चालतो, पाय ठेक्यात आणि श्वास काबूत. बतावणीत सोंगाड्याने टाकलेला शब्द जमिनीवर पडायच्या आत परतवायचा असतो. आणि शेवटी वग. जुन्या पद्धतीत वगाची संहिता हातात नसे. कथा सांगितली जायची, प्रवेश ठरायचे, संवाद बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, उभं राहिल्यावर सुचायचे. एकाच रात्रीत एकाच बाईने गौळण व्हायचं, राणी व्हायचं आणि पहाटेच्या सुमाराला पोर हरवलेली आईही व्हायचं.

यात्रेच्या गावात खेळ संपला म्हणजे काम संपलं असंही नाही. सकाळी हजेरी असते. रात्रभर गायलेल्या कलावंतांनी पुन्हा गावकऱ्यांपुढे बसून किंवा उभं राहून गायचं, आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. रात्रीच्या खेळाला वेशभूषा आणि उजेड मदतीला असतो, सकाळच्या उन्हात फक्त गळा उरतो. जाणती माणसं कलावंताची पारख हजेरीलाच करायची.

ध्वनिक्षेपक गावोगाव पोचण्याआधी हे सगळं पेट्रोमॅक्सच्या उजेडात, उघड्या माळावर चालायचं. शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्यानेच गावं लागायचं. तमाशाचा आवाज ‘रांगडा’ म्हणतात त्याचं कारण इथे आहे. मागे उभे असलेले झिलकरी ओळीचं शेवटचं टोक उचलून टिपेला नेतात. ऐकणाऱ्याला ती सजावट वाटते, पण गाणाऱ्याला तेवढ्यात श्वास मिळतो. झील, तुणतुणं, कडं, ढोलकी या सगळ्यांच्या खांद्यावर मुख्य आवाज उभा असतो.

नारायणगाव ज्यात येतं तो जुन्नर-आंबेगावचा मुलूखच आवाजावर जगणारा आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी वाड्या-वस्त्यांवरून कर्ण्याची गाडी फिरते. आतला माणूस फडाचं नाव, वगाचं नाव, सोंगाड्याचं नाव अशा काही लयीत पुकारतो की लहानपणी आम्ही गाडीमागे धावत ते पाठ करायचो. बैलगाडा शर्यतींच्या घाटात निवेदक मालकाचं नाव घेत, सेकंद मोजत, हजारो लोकांचा श्वास आपल्या आवाजावर टांगून ठेवतो. २०१४मध्ये शर्यतींवर बंदी आली आणि डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. मधल्या वर्षांत घाटातले हे आवाजही मुके होते. या माणसांना आपण कलावंत म्हणत नाही, तरी विठाबाईंचा श्रोता याच आवाजांनी घडवला होता.

विठाबाईंच्या आधी स्त्रीने बोर्डावर उभं राहून हे सगळं करणं गृहीत नव्हतं. स्त्रीभूमिका नाच्या पोरगा करायचा. जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाच्या पवळाबाई या तमाशात उभ्या राहिलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक. शाहीर पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी गेल्या शतकाच्या सुरुवातीला गाजली. पवळाबाईंनी वाट पाडली, विठाबाईंनी त्या वाटेवर फड चालवला. बोर्डावर त्या नायिका होत्या आणि बोर्डामागे फडाची जबाबदारी घेणाऱ्या मालकीण. दोन्ही कामं एकाच आयुष्यात करणाऱ्या स्त्रिया त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

१९५७मध्ये त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं, तेव्हा त्या जेमतेम बावीस वर्षांच्या होत्या. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी जवानांसाठी खेळ केले. १९९०मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुन्हा गौरव झाला. दोन गौरवांमध्ये तेहतीस वर्षांचं अंतर आहे. मधली सगळी वर्षं ट्रकमधून, मुक्कामांतून, हंगामामागून हंगाम गेली.

आता ती गोष्ट, जी सगळ्यांना माहीत असते. दिवस भरलेले असताना विठाबाई नाचत होत्या, खेळात कळा सुरू झाल्या, त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर यायला निघाल्या. प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनीच खेळ थांबवला, असं सांगतात. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो, माझाही येतो. पण या एका रात्रीने त्यांच्या बाकीच्या हजारो रात्री झाकून टाकल्या आहेत, असं मला त्यांचा अभ्यास करताना सतत वाटत राहिलं. त्यांची सोसण्याची ताकद सगळ्यांना ठाऊक आहे. त्या लावणीतला शब्द कुठे तोडायच्या, बतावणीत किती थांबायच्या, वगातलं रडणं सुरात कसं ठेवायच्या, हे विचारलं तर सांगणारं क्वचित भेटतं. आणि ती रात्र शौर्याची म्हणून सांगताना एक प्रश्न राहून जातो: नवव्या महिन्यात बाईला बोर्डावर उभं राहावं का लागलं?

त्याचं उत्तर तमाशाच्या व्यवहारात आहे. हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. कलावंत पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन जगतात आणि हंगामात ती फेडतात. फडमालक स्वतः कर्ज काढून उचल देतो. एक खेळ बुडाला तर नुकसान शंभर पोटांचं होतं. बाईच्या नावावर फड असेल तर तिची सुट्टी म्हणजे सगळ्यांची उपासमार. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत यात्राच भरल्या नाहीत, तेव्हा हे चक्र थांबलं की काय होतं ते सगळ्या राज्याने पाहिलं.

विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. अखेरची वर्षं ओढगस्तीची होती, इतकी की रुग्णालयाचं बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावं लागलं. राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झालेल्या कलावंताची ही अखेर आहे आणि ती आपल्या सगळ्यांना लाज आणणारी आहे. २००६मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो मिळालेल्यांत कांताबाई सातारकर आहेत, आंबेगावच्या अवसरीचं नाव लावणारे वसंत अवसरीकर आहेत, आजोबांच्या त्याच कवठे यमाईत राहून फडांसाठी वग आणि गाणी लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर आहेत. आईच्या नावाचा हा पुरस्कार लेक मंगला बनसोडे यांनाही मिळाला. मंगलाताईंनी स्वतःचा फड उभा करून घराण्याची परंपरा पुढच्या पिढीपर्यंत नेली.

योगीराज बागूल यांनी विठाबाईंचं चरित्र लिहिलं म्हणून त्यांचं आयुष्य तरी कागदावर राहिलं. आवाजाचं तसं झालेलं नाही. वग बोर्डावर घडायचा आणि पहाटे विरून जायचा. कोणी लिहून ठेवला तरी कागदावर झील उतरत नाही. नारायणगावजवळ खोडदला ३० प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ती टिपते. त्याच शिवारात पन्नास वर्षांपूर्वी गायलेली गवळण आज ऐकायची म्हटलं तर शोधाशोध करावी लागते.

थोडी आशा घरांमध्ये आहे. टेपरेकॉर्डरच्या दिवसांत तमाशाच्या कॅसेटी घराघरात आणि हॉटेलांत वाजायच्या. काही हौशी माणसं यात्रेत पुढे बसून खेळ टेप करायची. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, बंद पडलेल्या टेपच्या खणात अशी एखादी कॅसेट असेल तर ती भंगारात देऊ नका. फीत चिकटली असली तरी जाणता माणूस ती सोडवू शकतो. तिची डिजिटल प्रत करून घ्या, वेष्टनावर गावाचं, यात्रेचं, फडाचं नाव आणि आठवत असेल ते वर्ष लिहा. गावात एखादा म्हातारा ढोलकीवाला, झिलकरी, सोंगाड्या असेल तर मोबाइल घेऊन त्याच्याजवळ बसा, आणि त्याला बोलायला लावण्याआधी गायला लावा. येत्या चैत्रात यात्रा भरेल तेव्हा सकाळच्या हजेरीलाही जा.