मुनवा, बेणं आणि क्लोन

क्लोनिंग हा शब्द नांदेड-लातूरकडे एका मेंढीमुळे आला. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत 5 जुलै 1996 रोजी डॉली जन्मली आणि पुढच्या फेब्रुवारीत तिची बातमी जगभर झाली. प्रौढ मेंढीच्या पेशीपासून हुबेहूब दुसरी मेंढी! तेव्हापासून क्लोन म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळाच आठवते. आपल्या भागात हा शब्द त्याच्या मूळ घरी, म्हणजे शेतात, कधी नीट पोचलाच नाही, याची मला खंत आहे.

कारण शब्द शेतीचाच आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डहाळी. फांदी, कंद किंवा कलमापासून वाढवलेल्या झाडांच्या एका कुळाला नाव हवं होतं, म्हणून अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी 1903 मध्ये तो सुचवला. माणसाच्या बाबतीत तो वापरला जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, 1963 मध्ये. हॉल्डेन तोवर भारताचे नागरिक झाले होते.

या मूळ अर्थानं अर्धापूर-मुदखेडचा केळीवाला पिढ्यान्‌पिढ्या क्लोनिंगच करत आला. खाण्याच्या केळीत रुजणारं बी नसतं. आईच्या बुडाशी फुटलेला मुनवा खणून लावायचा. तो आईची तंतोतंत प्रत. लातूरकडचा ऊसवाला कांडी लावतो, तीही तशीच. को 86032 हा वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत संकरातून निघालेल्या एका रोपाची निवड. आज मांजरा काठापासून कोल्हापूरपर्यंत जिथे जिथे तो उभा आहे, तिथे त्या एकाच रोपाचं बेणं वाढतं आहे. केशर आंब्याच्या कलमाचंही तेच. आपण याला बेणं म्हटलं, कलम म्हटलं. क्लोन म्हणायची गरज पडली नाही.

नव्वदच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं ग्रँड नैन केळीची ऊतिसंवर्धित रोपं शेतकऱ्यांपर्यंत नेली, पुढे ती इसापूरच्या कालव्याखाली आमच्याकडेही रुजली. निवडक झाडाच्या कोंबाचा कोवळा शेंडा बाटलीत वाढवायचा, त्याला फूट आणायची, ती फूट पुन्हा वेगळी करायची. एका शेंड्यापासून शेकडो रोपं होतात. मग शेडनेटमध्ये ती उन्हावाऱ्याला सरावली की रानात. मुनव्यांची बाग पुढेमागे निसवायची, घड उतरवणं कित्येक आठवडे चालायचं. या रोपांची बाग जवळपास एका वेळी येते, साधारण वर्षभरात, आणि व्यापाऱ्याची गाडी एकाच शेतावर भरते. प्रयोगशाळेतलं क्लोनिंग शेतात आलं ते इथे. पण लोकांनी त्याला नाव दिलं ‘टिश्यू’. ‘यंदा टिश्यू लावली’ एवढ्यात सगळं कळतं.

क्लोन शब्द मात्र बँकेच्या दारात बदनाम झाला. 11 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांच्या क्लोन केलेल्या कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. 13 तारखेला हाँगकाँगला गेलेली रक्कम धरून 94 कोटींवर घाला पडला. चुंबकीय पट्टीची कार्डं बदलून चिपची घेण्याची मुदत त्याच वर्षअखेर संपत होती, त्यामुळे कार्ड क्लोन होणं म्हणजे काय, हे गावोगावी समजलं. आता आवाजाचंही क्लोनिंग होतं. मूल लातूरला क्लासेससाठी खोली घेऊन राहतं, आईवडील खेड्यात. अशा घरी मुलाच्याच आवाजात पैसे मागणारा फोन आला तर काय होईल, याची मला खरोखर धास्ती वाटते. आधी फोन ठेवावा, मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावावा. फसलात तर लगेच 1930 वर कळवावं.

जनावरांतही क्लोनिंगचं तंत्र आपल्या देशात रुजलं आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 2009 मध्ये क्लोन केलेली म्हशीची पारडी जन्मली, 2023 मध्ये गीर जातीची कालवड. उद्या देवणी किंवा लाल कंधारीच्या उत्तम वळूचा विचार कुणी केला तर नवल नाही.

मला काळजी आहे ती केळीची. हुबेहूबपणाचा फायदा उत्पन्नात मिळतो, तशी त्याची किंमत रोगात मोजावी लागते. एकेकाळी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची एकच केळी होती. पनामा मर रोगानं 1950-60 च्या सुमारास ती बाजारातून उठली, कारण एक झाड जिथे बळी पडलं तिथे सगळीच पडली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आपली बसराई, अर्धापुरी, ग्रँड नैन, सगळी त्याच घराण्यातली, आणि त्या रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो बिहार, उत्तर प्रदेशापर्यंत आलेला आहे.

केळी लावणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे: टिश्यूची रोपं घेताना विषाणू तपासणीचा दाखला मागून घ्या, परराज्यातून आलेले कंद आणि त्यांना चिकटलेली माती शिवारात येऊ देऊ नका, आणि बांधाला वेलची, राजेळी अशा वेगळ्या घराण्यातल्या केळीचे दोनचार गड्डे तरी जगवा.