ओसरीवरील बाशिंग

नेच्यांच्या जातीचें बाशिंग सह्याद्रींत आंब्यासारख्या झाडांच्या खोडांवर वाढतें. पुष्कळ लोक त्यास बांडगूळ समजून तोडतात. परंतु तें झाडाचा रस शोषीत नाहीं. त्याचीं हिरवीं पानें पाठीवर बीजुकें धरतात. बुडाशीं असलेलीं तपकिरी, बिनदेठाचीं पानें पाचोळा अडवून त्याचें खत करितात.

आम्हीं चऱ्होलीस एक रोप ओसरीवर टांगलें होतें. उन्हाळ्यांत हिरवीं पानें झडतांच, तें मेलें असें समजून आम्हीं पाणी वाढविलें आणि तपकिरी पानें घाण म्हणून ओरबाडलीं! कांड कुजलें. पुढें मावळांतील एका स्नेह्यांच्या आंब्यावरून वीतभर कांड आणून, मातींत न पुरतां, फळीस काथ्यानें बांधलें. उन्हाळाभर आठवड्यांतून एकदांच पाणी शिंपडलें. मृगाच्या सरींबरोबर हिरवा कोंब आला.