जुन्या गेम-कॅसेट कॉपियर यंत्रांच्या साठवणीचे नूतनीकरण : तंत्र, मर्यादा आणि कायदा

प्रस्तावना

१९९० च्या दशकात भारतातील मध्यमवर्गीय घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम येऊ लागले. ‘मीडिया’सारख्या नावांनी विकले जाणारे संच जपानी निन्तेन्दो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. त्यांत बसवावयाच्या प्लॅस्टिकच्या पेटीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. वस्तुतः तिच्यात फीत नसे. एका छोट्या मुद्रित मंडलावर केवळ वाचनक्षम स्मृती, म्हणजे रॉम, बसविलेली असे. हा शब्द तांत्रिकदृष्ट्या चुकीचा असला तरी तो मराठीत इतका रुळला आहे की तोच सदर लेखात स्वीकारला आहे.

याच काळात हाँगकाँग व तैवान येथील काही उत्पादकांनी अस्सल कॅसेटमधील मजकूर वाचून तो फ्लॉपीवर उतरविणारी आणि फ्लॉपीवरून पुन्हा यंत्रात चालविणारी उपकरणे बाजारात आणली. सुपर मॅजिकॉम, सुपर वाइल्ड कार्ड, गेम डॉक्टर ही त्यांतील काही नावे. ती भारतीय घरांत फारशी आली नाहीत, याचे कारण उघड आहे. ज्या संचांसाठी ती होती ते संचच येथे दुर्मिळ होते. १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आलेला सेगा मेगा ड्राइव्ह १८,००० रुपयांना विकला जाई. शिवाय येथील नकली कॅसेटमध्ये प्रतिलिपीचे काम कारखान्यातच उरकलेले असे आणि काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली चिप कायमची झाकलेली असे. असे असूनही या उपकरणांचा अभ्यास महाविद्यालयीन प्राध्यापकांना उपयुक्त ठरावा. ज्या फ्लॉपीवर ती विसंबून होती त्याच फ्लॉपीवर शिवाजी, आकृती, श्री-लिपी यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी केलेले कित्येक मराठी प्रबंध व प्रश्नसंच अद्याप कपाटांत पडून आहेत.

यंत्राची रचना

८०८५ सूक्ष्मप्रक्रियकाचा संच ज्यांनी प्रयोगशाळेत हाताळला आहे त्यांना कॉपियरची कल्पना चटकन येईल. त्या संचावर ईप्रॉममधील नियंत्रण-प्रणाली कायम असते आणि विद्यार्थ्याचा कार्यक्रम रॅममध्ये भरून चालविला जातो. कॉपियरही तेच करतो. त्याच्या स्वतःच्या रॉममध्ये एक लहानशी नियंत्रण-प्रणाली असते. ती कॅसेटचा मजकूर वाचून डीरॅममध्ये घेते, तेथून फ्लॉपीवर लिहिते. उलट दिशेने फ्लॉपीवरील मजकूर डीरॅममध्ये भरून गेम-यंत्रापुढे तो जणू कॅसेटच आहे असे भासविते. खेळाची प्रगती जपणारी लहान एसरॅम स्मृती बॅटरीवर जिवंत ठेवलेली असते.

येथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. डीरॅम ही यंत्राची कार्यस्मृती आहे, तर फ्लॉपी ही साठवण आहे. साठवण कितीही वाढविली तरी डीरॅमहून मोठा खेळ चालणार नाही. बंग कंपनीच्या १९९६ मधील ‘डॉक्टर व्ही ६४’ या निन्तेन्दो ६४ साठीच्या उपकरणात सीडी-रॉम ड्राइव्ह होता. सीडीवर सहाशेहून अधिक मेगाबाइट मावत, परंतु डीरॅम वाढवूनही २५६ मेगाबिटच, म्हणजे ३२ मेगाबाइटच होई. साहजिकच ५१२ मेगाबिटचे खेळ त्याच्या आवाक्याबाहेर राहिले. नूतनीकरणाचा विचार करणाऱ्याने प्रथम नेमके काय वाढवावयाचे हे ठरविले पाहिजे.

फ्लॉपीचे अंकगणित

कॅसेटचे आकारमान मेगाबिटमध्ये, तर फ्लॉपीचे मेगाबाइटमध्ये सांगण्याची प्रथा असल्याने हिशोब सावकाश करणे बरे. साडेतीन इंची उच्चघनतेच्या फ्लॉपीवर दोन बाजू, प्रत्येकी ८० पथ, प्रत्येक पथावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट असतात. एकूण १४,७४,५६० बाइट. मेगाबिटच्या भाषेत हे ११.२५ होतात. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ हा १९९० चा खेळ ४ मेगाबिटचा असल्याने एका फ्लॉपीवर सहज मावे. ‘स्ट्रीट फायटर २’ ची १९९२ मधील आवृत्ती १६ मेगाबिटची झाली आणि तेथून फ्लॉपी अपुरी पडू लागली. मग खेळाचे आठ-आठ मेगाबिटचे तुकडे करून दोन फ्लॉपी वापरणे आले. ३२ मेगाबिटला चार लागत. काही कॉपियर पथावर १८ ऐवजी २० खंड बसवून १६,३८,४०० बाइटची जागा मिळवीत. त्यात १२ मेगाबिटचा तुकडा मावत असल्याने चाराऐवजी तीन फ्लॉपींत काम भागे. ही युक्ती तेव्हा सोयीची होती, आज मात्र तीच डोकेदुखी ठरते, कारण यूएसबीने जोडावयाचे सामान्य फ्लॉपी ड्राइव्ह ठरावीक मांडणीच वाचतात आणि ही जादा खंडांची फ्लॉपी त्यांना ओळखता येत नाही.

प्रत्येक तुकड्याच्या आरंभी ५१२ बाइटचे शीर्षक जोडण्याची पद्धत मॅजिकॉम व वाइल्ड कार्ड यांत होती. खेळाचा आकार आणि पुढे आणखी तुकडा आहे किंवा नाही, ही माहिती त्यात असे. आजही सुपर निन्तेन्दोच्या खेळांच्या फाइलींना लावले जाणारे ‘एसएमसी’ हे विस्तारनाम सुपर मॅजिकॉमचेच आहे. यंत्र विस्मृतीत गेले, त्याची तीन अक्षरे तेवढी राहिली. फाइलीच्या आकाराला १०२४ ने भागून ५१२ बाकी उरली तर असे शीर्षक जोडलेले आहे असे समजावे.

नूतनीकरण : फ्लॉपीच्या जागी यूएसबी

सोनी कंपनीने जपानमध्ये २०११ साली फ्लॉपींची विक्री थांबविली आणि नव्या फ्लॉपींचा मोठा स्रोत आटला. नागपुरातील हवामान जुन्या फ्लॉपींना मुळीच अनुकूल नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्यामागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते. बंद कपाटातील तबकडीच्या चुंबकीय थरावर बुरशी धरते आणि अशी एक तबकडी फिरविताच ड्राइव्हचे शीर्ष मलिन होऊन पुढच्या चांगल्या तबकडीलाही ओरखडे पाडते.

या अडचणीवर सर्वाधिक प्रचलित उपाय म्हणजे गोटेक हे फ्लॉपी-अनुकारी उपकरण. भरतकामाच्या यंत्रांसारख्या औद्योगिक उपकरणांसाठी ते मुख्यतः वापरले जाई. आकाराने ते साडेतीन इंची ड्राइव्हएवढेच असून मागे तीच ३४ टोकांची रिबन केबल लागते, पुढे मात्र यूएसबी पेन ड्राइव्हची खाच असते. मूळ प्रणालीत पेन ड्राइव्हवर शंभर आभासी फ्लॉपी ठेवता येतात व बटणाने त्यांचा क्रमांक निवडावा लागतो. केअर फ्रेझर यांनी तयार केलेली ‘फ्लॅशफ्लॉपी’ ही मुक्त प्रणाली त्यात भरल्यास फाइली नावानिशी निवडता येतात.

जोडणी वाटते तितकी सरळ नसते. संगणकातील ड्राइव्ह आणि शुगार्ट पद्धतीचा ड्राइव्ह यांत काही टोकांचा अर्थ वेगळा असतो. उदाहरणार्थ, ३४ व्या टोकावर एका पद्धतीत ‘फ्लॉपी बदलली’ असा संकेत येतो, तर दुसरीत ‘ड्राइव्ह सज्ज आहे’ असा. कॉपियर कोणत्या संकेताची वाट पाहतो हे मूळ ड्राइव्हवरील जंपर पाहून ठरवावे आणि गोटेकवरील जंपर व प्रणालीतील नोंद तशी बदलावी. केबल उलटी बसल्यास ड्राइव्हचा दिवा सतत पेटता राहतो. ही खूण प्रयोगशाळेतील सहायकांना ठाऊक असतेच. वर उल्लेखिलेल्या २० खंडांच्या मांडणीसाठी पथ, बाजू व खंड यांची संख्या वेगळ्या फाइलीत लिहून द्यावी लागते, कारण तेवढ्याच आकाराची दुसरी मांडणीही अस्तित्वात असून उपकरणाला केवळ आकारावरून फरक कळत नाही.

या बदलाने यंत्राचा वेग वाढतो ही समजूत मात्र निराधार आहे. अनुकारी उपकरण मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या तबकडीचेच सोंग घेते. एका फेरीला ०.२ सेकंद आणि त्यात फार तर १८ खंड, म्हणजे सेकंदाला ४६,०८० बाइट. या गतीने १६ मेगाबिटचा खेळ भरण्यास किमान ४५ सेकंद लागणार, मग साठवण चुंबकीय असो वा अर्धवाहक. मिळते ती विश्वासार्हता व शांतता.

समांतर पोर्ट हा दुसरा मार्ग. वाइल्ड कार्डसारख्या यंत्रांना संगणकाच्या प्रिंटर-पोर्टाने जोडून ‘यूकॉन ६४’ या आज्ञावलीद्वारे खेळ थेट डीरॅममध्ये पाठविता येतो. परंतु त्यासाठी खरा समांतर पोर्ट असलेला जुना संगणक हवा. बाजारात मिळणारी यूएसबी-प्रिंटर केबल प्रत्येक टोकावर स्वतंत्र नियंत्रण देत नसल्याने येथे उपयोगी पडत नाही. महाविद्यालयाच्या भांडारात निर्लेखनाच्या यादीत लागलेला एखादा पेंटियम संगणक या कामी नव्या यंत्रापेक्षा मोलाचा आहे.

झिप ड्राइव्ह किंवा सीडी-रॉम असलेल्या नंतरच्या उपकरणांची कथा निराळी आहे. त्यांच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसविण्याचा मोह होतो, कारण तारांची टोके जुळतात. परंतु सीडी-रॉम पॅकेट स्वरूपातील आज्ञा समजतो आणि कार्ड हार्ड डिस्कच्या साध्या आज्ञा. कॉपियरच्या रॉममधील प्रणालीला हार्ड डिस्कची भाषा येत असेल तरच कार्ड चालेल. टोके जुळली म्हणजे भाषा जुळली असे नव्हे.

कामाचा क्रम

मूळ ड्राइव्ह काढण्याची घाई करू नये. आधी जवळच्या सर्व फ्लॉपींच्या प्रतिमा घ्याव्यात. ‘ग्रीझविझल’सारखी मंडले तबकडीवरील चुंबकीय बदलच जसेच्या तसे नोंदवितात, त्यामुळे विचित्र मांडणीची किंवा अंशतः खराब फ्लॉपीही पुन्हा न फिरविता नंतर सावकाश उलगडता येते. बुरशी दिसणारी तबकडी स्वच्छ केल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालूच नये. काही कॉपियरच्या मंडलावर निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळून तांब्याच्या रेषा खाते. साठवणीच्या नूतनीकरणासाठी यंत्र उघडलेच आहे तर ही बॅटरी प्रथम काढावी. हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचेही.

कायद्याची बाजू

अशा यंत्रांचा मुख्य वापर अनधिकृत प्रतींसाठी झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९८३ सालीच अटारी विरुद्ध जेएस अँड ए या खटल्यात कॅसेट-प्रतिलिपी यंत्राच्या विक्रीस मनाई झाली. संगणक-कार्यक्रमाची राखीव प्रत काढण्याची तेथील मुभा रॉम कॅसेटला लागू नाही, कारण रॉम चुंबकीय माध्यमाप्रमाणे सहज नष्ट होत नाही, असा न्यायालयाचा तर्क होता.

भारतीय प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) मध्ये संगणक-कार्यक्रमाची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास हानी वा नाश यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा आहे. माध्यम कोणते, असा भेद त्यात नाही. दुसरीकडे कलम ६३ बी नुसार उल्लंघन करणारी प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरल्यास किमान सात दिवसांचा कारावास होऊ शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने ग्रंथालयांसाठी कलम ५२(१)(एन) आले. अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास जतनाकरिता एखादी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविता येते, मात्र त्या कृतीची अनंकीय प्रत ग्रंथालयाकडे आधीच असली पाहिजे. छापील ग्रंथाला ही अट सहज पुरी करता येते. गेम-कॅसेट, फ्लॉपीवरील शैक्षणिक आज्ञावली किंवा सीडीवरील कोश यांची अनंकीय प्रत मुळात अस्तित्वातच नसते. म्हणजे जे साहित्य सर्वांत लवकर नष्ट होते तेच या तरतुदीच्या बाहेर राहते. प्राध्यापकाने स्वतः लिहिलेल्या प्रबंधाच्या फ्लॉपीला यांपैकी कोणतीच आडकाठी नाही; तिला फक्त बुरशी लागण्यापूर्वी ड्राइव्ह मिळायला हवा.