कुळथाला रक्तगट कळतो

नरडाण्याच्या बाजारात किराणा दुकानाच्या पायरीशी पोती उघडी ठेवलेली असतात: गहू, सोयाबीन, शेंगदाणे आणि कोपऱ्यात थोडासा कुळीथ. कुळथाची मूठ भरून मी न्याहाळत होतो, तर दुकानदार म्हणाला, "घेऊन जा भाऊ, मुतखड्याले चांगला."

मुतखडा मला नव्हता. मी त्या चपट्या, तांबूस दाण्याकडे बघत होतो ते वेगळ्याच कारणानं. माणसाच्या रक्ताचा थेंब समोर ठेवला तर तो ए गटाचा आहे की नाही, हे या दाण्याला कळतं. ही गोष्ट उजेडात आणली पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातल्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी. निरनिराळ्या माणसांच्या तांबड्या पेशींवर त्यांनी कुळथाचा अर्क घालून पाहिला. ए गटाच्या पेशी एकमेकींना चिकटून गोळा झाल्या. बी आणि ओ गटाच्या ढिम्म राहिल्या. १९५१ साली बंगळूरच्या 'करंट सायन्स'मध्ये त्यांचं टिपण आलं. पुढच्याच वर्षी 'नेचर'मध्ये त्यांनी सांगितलं की कुळीथ ए गटातही भेद करतो: ए१ला धरतो, ए२ला सोडून देतो. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये आजही 'अँटी-ए१ लेक्टिन' अशी चिठ्ठी लावलेली इवलीशी बाटली असते. आत असतो तो कुळथाचाच अर्क.

हा दाणा धरतो तरी काय? साखर. चहात पडते ती नव्हे, तर पेशीच्या पाठीवर केसांसारख्या उगवलेल्या साखरेच्या साखळ्या. तांबड्या पेशीवरच्या या साखळीच्या टोकाशी फ्यूकोज नावाची साखर लागली की तिला एच म्हणतात. ओ गटाची गोष्ट तिथंच थांबते. त्यावर गॅलॅक्टोज चढली की बी गट, आणि एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन असं लांबलचक नाव असलेली तिची बहीण चढली की ए गट. दोघी बहिणींत फरक एका कोपऱ्याचा, मोजक्या अणूंचा. तेवढ्यावरून चुकीचं रक्त चढलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि तेवढंच कुळथातल्या प्रथिनाला बरोबर समजतं. अशा साखर ओळखणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात.

टोकाला कोणती साखर आहे, हे शोधण्याची युक्ती मला आजही थक्क करते, कारण तिला यंत्र म्हणून लागतच नाही. लंडनच्या मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी १९५२ साली ईल माशाचं रक्तद्रव घेतलं. ते ओ गटाच्या पेशी गोळा करतं. त्यात त्यांनी आधी एकेक सुटी साखर मिसळून पाहिली. फ्यूकोज घातली आणि गोळा होणं थांबलं. रक्तद्रवाचे हात सुट्या साखरेनंच भरले, पेशी धरायला रिकामा हात उरला नाही. म्हणजे ओ पेशीवर ते जे धरत होतं, ते फ्यूकोजच. ए गटाची साखरही अशाच रीतीनं सापडली.

रक्तपेढीतली चाचणी बघायला मिळाली तर अवश्य बघा. काचेच्या छोट्या नळीत लेक्टिनचा एक थेंब, सलाइनमध्ये पातळ केलेल्या तांबड्या पेशींचा एक थेंब. थोडं थांबायचं, नळी यंत्रात गरगर फिरवायची आणि मग बोटानं हलकेच टिचकी मारायची. ए१ असेल तर तळाची लाल गोळी गोळीच राहते. ए२ असेल तर धुरासारखी उठून पाण्यात विरून जाते. अर्क मात्र नेमका पातळ केलेला हवा, दाट राहिला तर तो ए२लाही धरून बसतो. ए१ पेशीवर ए साखळ्या ए२च्या जवळजवळ चौपट असतात, सगळा खेळ त्या गर्दीचा.

आता प्रयोगशाळांत मास स्पेक्ट्रोमीटर आले आहेत. प्राण्याच्या ऊतीचा तुकडा वाटायचा, पीएनजीएज-एफ नावाच्या विकरानं प्रथिनांवरच्या साखळ्या कापून काढायच्या, त्यांना चमकणाऱ्या रंगाची शेपटी लावायची, बारीक नळीतून लांबीनुसार वेगळ्या करायच्या आणि शेवटी वजन करायचं. पण ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज या तिघींचं वजन अगदी सारखं: १८०. काट्याला त्या ओळखू येत नाहीत. शिवाय साखरा एकमेकींना अनेक जागी जुळतात, फांद्या फुटतात. तीन वेगवेगळी अमिनो आम्लं ओळीनं मांडायच्या रीती फक्त ६. तीन साखरा जोडायच्या रीती हजाराहून जास्त. म्हणून मग टोकाची एकच ठराविक साखर तोडणारी विकरं एकामागून एक लावायची आणि दर वेळी पुन्हा वजन करायचं. चिकाटीचं काम आहे. एवढं करूनही एक प्रश्न उरतोच: ही साखळी ऊतीत होती कुठे? वाटणात मसाले मिसळले की मिरं कुठे होतं ते सांगता येत नाही, तसंच.

इथं पुन्हा पोत्यातली मंडळी कामाला येतात. ऊतीची पाच मायक्रॉन जाडीची चकती काचेवर ठेवून तिच्यावर रंग जोडलेलं लेक्टिन सोडतात. कुळथाचं लेक्टिन उंदराच्या मूत्रपिंडात सोडलं तर मूत्र गोळा करणाऱ्या नलिका तेवढ्या उजळतात. (मुतखड्याशी याचा काही संबंध नाही, पण ते दुकानदाराला सांगायचं मी टाळलं.) गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन सियालिक आम्ल नावाची साखर धरतं. आणि शेंगदाण्याचं? डोळ्याच्या पडद्यावर ते रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींभोवतीचं आवरण रंगवतं. शेंगदाण्याचा हा साखर धरण्याचा गुण रक्तावर पहिल्यांदा टिपला, १९६४ साली, तोही बर्ड यांनीच. जिवाणूंच्या विकरानं पेशीवरचं सियालिक आम्ल खरवडलं की खालची झाकलेली साखर उघडी पडते, ती तो धरतो. या लेक्टिनची त्रिमिती रचना पुढं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटानं उलगडली.

मुंबईचं नाव रक्तशास्त्रात कायमचं कोरलं गेलं तेही साखरेमुळंच, खरं तर नसलेल्या साखरेमुळं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा माणसांची नोंद केली, ज्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि एचसुद्धा नाही. लेखाच्या सहलेखकांत मॉर्गन आणि वॉटकिन्सही होते. फ्यूकोज जोडणारं विकरच या माणसांत बिघडलेलं असतं. हाच बॉम्बे रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा सापडतो, आणि त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त चालतं.

नेहमीच्या ए-बी चाचणीत हा गट हुबेहूब ओ दिसतो. ओळखायला एच धरणारं लेक्टिन लागतं. ते युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांतून काढतात, नरडाण्याच्या दुकानात मिळत नाही. पण दुसरी सोपी खूण आहे: बॉम्बे गटाच्या माणसाचं रक्तद्रव ओ गटाच्या पेशीसुद्धा गोळा करतं. तेव्हा तुमच्या कागदावर ओ लिहिलेलं असेल, तर पुढच्या रक्तदान शिबिरात एवढं जरूर विचारा: माझं रक्तद्रव ओ पेशींवर घालून पाहिलं का?